उपाशीपोटी

थायरॉईडची गोळी घेऊनही हौसाक्काची सूज हटेना, अंगात त्राण येईना. सांगलीचा डॉक्टर बिनकामाचा, हे शिराळ्यात घरीच ठरवून तिनं पुन्हा त्याच्याकडं जायला एस.टी. धरली.

"आक्का, गोळी उपाशीपोटीच घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हंजे काय! दर गुरुवारी न् एकादशीला. कवा चुकले न्हाई."

"आणि बाकीचे दिवस?"

"तवा उपास कुटं असतो?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "बरं, उपासाला तरी गोळीच्या आधी काही खात नाही ना?"

"निस्ती साबुदाण्याची खिचडी."

"मग पोट उपाशी कसं राहिलं?"

हौसाक्कानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. एवढा शिकलेला माणूस!

"डॉक्टर, तुमच्या घरात कुनी जुनं मानूस न्हाई व्हय? साबुदाण्यानं उपास मोडत न्हाई."