डाव्या डोळ्याचा दाब

दुपारचा चहा झाला तसे अच्युतराव पलंगावर आडवे झाले आणि त्यांनी मान कडेवरून खाली सोडली. मनात शंभर मोजून व्हायच्या आत फोन वाजला.

"आजोबा, डाव्या डोळ्याचा दाब अठ्ठावीस दाखवतोय. पुन्हा वाकलात?" हॉस्पिटलातली मृण्मयी विचारत होती.

"चप्पल पलंगाखाली गेली होती गं," ते उठून बसत म्हणाले.

काचबिंदूला थेंब पुरे पडेनात, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यातलं पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी बसवली होती. दाब वाढला की नळीतला सेन्सर थेट हॉस्पिटलला कळवायचा आणि मृण्मयी लगेच फोन करायची. बायको गेल्यापासून या घरात दुसरा फोन क्वचितच वाजे.

"जेवलात ना? काय केलं होतं?"

"मुगाची खिचडी. जरा करपली."

ती हसली. मग म्हणाली, "सोमवारी ऑपरेशनला या. नवी नळी दाब वाढला की आपोआप जास्त उघडते. मग आमच्या फोनची कटकटच नाही."

"आणि नाही केलं तर?"

"उजवा तर गेलाच आहे, आजोबा. हाही वर्षभरात जाईल."

अच्युतरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. कडेचे आकडे आता दिसतच नव्हते, मधले काटे तेवढे दिसत होते.

"सोमवारी नाही जमायचं," ते म्हणाले. "पाहुणे यायचेत."

त्यांनी फोन ठेवला. चप्पल सांगून झाली होती. उद्या वाकायला दुसरं काहीतरी कारण शोधायला हवं होतं.