कोरडी की तेलकट?

"परवा नव्या काकूंचा वाढदिवस आहे. चेहऱ्याचं क्रीम द्या," मुलगी म्हणाली.

"कोण गं नव्या काकू?" दुकानातल्या आजींनी विचारलं.

"बाबांनी ज्यांच्याशी लग्न केलंय ना, त्या."

"बरं. त्वचा कोरडी आहे की तेलकट?"

"मला काय ठाऊक! मी त्यांच्या जवळ जातच नाही."

"मग मीही क्रीम देत नाही. उद्या त्यांनी तोंड धुतलं, की अर्ध्या तासाने गालाला गाल लावून बघ. खरखरीत लागला तर कोरडी, चिकट लागला तर तेलकट."

दुसऱ्या दिवशी मुलगी आली. आजींनी दोन डब्या पुढे ठेवल्या.

"बोल, कुठली देऊ?"

"आज नको. आई म्हणाली, एकदा गाल लावून कळत नाही, रोज लावून बघावं लागतं."