अव्यवहार्य

उशिरा केलेले सत्कर्मही सत्कर्मच असते. परंतु त्या विलंबाचा जाब विचारणाऱ्याला कृतघ्न म्हणणे हा अन्याय होय.

भिलाईतील एका पोलाद कारखान्याच्या सभागृहात जानराव पहिल्या रांगेत बसले होते. निवृत्त गॅस-फिटर. कारखान्याने निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प सोडला होता आणि आज त्यातील पहिल्या कामाचा सोहळा होता. खिडकीतून कारखान्याच्या दोन उंच चिमण्या दिसत होत्या. भट्टीचा उरलेला वायू त्यांच्या टोकाशी अहोरात्र नुसता जळत असे. त्यांतील एकीची ज्योत कालच विझवली होती. तो वायू आता बॉयलरकडे वळवला होता. तेवढा कोळसा वाचणार होता.

ही युक्ती जानरावांचीच. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी ती सूचनापत्रावर आकृतीसह लिहून दिली होती. ‘अव्यवहार्य’ असा शेरा घेऊन ते पत्र फायलीत गेले. गेल्या वर्षी ते पराग नावाच्या तरुण अभियंत्याला सापडले, त्यावरूनच हे काम झाले आणि आज तो स्वतः जाऊन त्यांना घेऊन आला.

“तोंड कावून वाकडं करून राहिले?” शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कांताबाई पुटपुटल्या. “शाल भेटून राहिली तुमाले. आन् खिशात काय कोंबलं? भाषण?”

“चूप बस.”

जानरावांना मंचावर बोलावून कारखान्याच्या संचालकांनी शाल पुढे केली. जानरावांनी हात पुढे केला नाही. टाळ्या विरल्या.

“साहेब, रुआबांध्याच्या माह्या घरून ते जोत मले रोज दिसे. बावीस वर्षं. तेवढा कोळसा उगाच जाळला तुमी. आता तो कोण वापस आणते?”

“जानरावजी, श्रेय तुमचंच आहे,” संचालक हसून म्हणाले. “तुमच्या नावाची पाटी लावू. दुसऱ्या चिमणीचंही पाहू, पुढच्या टप्प्यात.”

“पाटी राहू द्या.”

जानरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. नवे सूचनापत्र होते, दुसऱ्या चिमणीचे. आकृती काढलेली, मापे भरलेली. शेऱ्याची जागा तेवढी कोरी.

“शेरा आत्ताच लिहा,” ते म्हणाले आणि मंचाच्या पायरीवर बसले. “मी इथंच बसून राहतो.”

परागने टोपण काढून आपले पेन संचालकांपुढे धरले.

पायरीवर बसलेल्याला दीर्घायुष्य लाभो. आणि ज्याच्यापुढे लेखणी धरली आहे, त्याला आजच सुबुद्धी.