तीन सेंटिमीटर खांदा

शिडीने खडूच्या चुऱ्यात बोटं बुडवली, भिंतीला खेटून उभी राहिली आणि हात वर केला. उभ्याने बोटं पोचतात तिथे पहिली खूण, उडी मारून पोचतात तिथे दुसरी. मधलं अंतर म्हणजे तुमची उडी. सेहेचाळीस सेंटिमीटर भरली तर ती परत व्हॉलीबॉलच्या संघात, नाही भरली तर घरी. उंचीमुळे सगळे तिला शिडी म्हणायचे, पण भिंतीपाशी नुसती उंची कामाची नव्हती.

पहिली खूण करताना तिने खांदा चोरला. मुद्दाम नाही हो. संघातली प्रत्येकजण चोरते. खालची खूण जरा खाली पडली की उडी तेवढीच मोठी दिसते. खांदा थोडा आत, कोपराला किंचित बाक, आणि चेहरा अगदी साळसूद. पंधरा वर्षं खेळल्यावर हात आपला आपणच आखडतो.

मग तिने उडी मारली. बाईंनी टेप लावली.

"सत्तेचाळीस," बाई म्हणाल्या. बाई म्हणजे त्यांची प्रशिक्षक. कौतुक करायचं झालं तरी त्या आकडाच सांगायच्या.

बाकावरच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. "पावडरीची कमाल गं, शिडीताई," चिमणी म्हणाली. ही संघात सगळ्यात लहान आणि तोंडाने सगळ्यात मोठी. "आम्हालापण दे की एक चमचा."

शिडीला हसू आलं नाही. पाच महिने ती रोज एक चमचा क्रिएटिन, म्हणजे ती ताकदीची पावडर, पाण्यात ढवळून पीत होती. सुरुवातीलाच दीड किलो वजन वाढलं तेव्हा ती घाबरली, आणि सासूबाईंनी तर डबाच लपवून ठेवला. शेवटी फिजिओने दोघींना समोर बसवून समजावलं, ते पाणी आहे, स्नायूंत साठतं. पावडर फार तर तुझ्याकडून दोन बैठका जास्त काढून घेईल, दुसऱ्या दिवशी पाय थोडे लवकर मोकळे होतील. उडी तुलाच मारायची आहे. मग तिने उड्या मारल्या. खोक्यावर, खोक्यावरून खाली, एका पायावर, पोटऱ्या पेटेपर्यंत.

दर रविवारी नवरा स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी स्टुलावर चढून माप घ्यायचा. तो फरशी बसवणारा गवंडी. मापात सख्ख्या बायकोलाही सूट नाही. "हात सरळ कर," म्हणायचा, "तुझ्यासाठी भिंत वाकडी करू का?" त्याच्या मापाने ती पंचेचाळीसच्या पुढे एकदाही गेली नव्हती.

आणि इथे म्हणे सत्तेचाळीस.

दोन वर्षांपूर्वीही दुखऱ्या गुडघ्याने तिने असाच खांदा चोरून चाचणी दिली होती. तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या. तिसऱ्याच सामन्यात ती उडी मारून खाली आली आणि गुडघा कामातून गेला.

"बाई, जरा थांबा," ती म्हणाली.

तिने ओल्या फडक्याने खालची खूण पुसली. टाचा जमिनीला टेकवल्या आणि बरगड्या ओढल्या जाईपर्यंत हात ताणला. नवी खूण तीन सेंटिमीटर वर उमटली. सत्तेचाळीसचे चव्वेचाळीस झाले.

"वेड लागलंय का तुला?" चिमणी जवळ येऊन पुटपुटली. "सगळ्याच चोरतात."

"बाईंना फसवता येतं गं," शिडी म्हणाली. "गुडघ्याला कसं फसवू?"

प्रत्येकीला तीन उड्या असतात, तिच्या दोन उरल्या होत्या. दुसरी परत चव्वेचाळीस भरली. तिसरीला तिने डोळे मिटले, खाली बसली, हात मागे नेले आणि जीव खाऊन वर झेपावली. उतरताना दोन्ही गुडघे मऊ वाकले. कुठे काही दुखलं नाही.

"पंचेचाळीस."

एका सेंटिमीटरने ती संघाबाहेर राहिली. फार वाईट वाटलं तिला. डोळे भरून आले, ते तिने खडूच्या हातानेच पुसले आणि गाल पांढराफटक करून घेतला.

"पंचेचाळीस लिहा, बाई," ती म्हणाली. "पुढची चाचणी कधी?"

"दीड महिन्याने."

"माझं नाव सगळ्यात वर घाला."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या नाव लिहिलं. मग फडकं उचललं, भिंतीवरच्या सगळ्या जणींच्या खुणा पुसून टाकल्या आणि बाकाकडे वळल्या.

"चला, बाकीच्या सगळ्या परत या. हात पूर्ण वर."

बाकावरच्या नऊच्या नऊ मुली एकदमच बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकल्या.