पाळण्याची फुलं

"लेकीच्या पाळण्याला शेवंती बांधू की निशिगंध?" सुनीतीनं विचारलं, पण सासूबाई रस्त्याकडेच बघत होत्या. दत्तक घेतलेल्या आठ महिन्यांच्या मुलीचं उद्या बारसं होतं, आणि सासूबाईंनी तिला अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. आज मंडईत आल्या होत्या, तेही लेकाच्या आग्रहाखातर.

फुलवालीनं हौसेनं विचारलं, "नात कुणावर गेली हो, आजी?"

सुनीतीनं चटकन सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या. "काल तासभर माझा पदर धरून बसली होती. सोडेचना. हट्टी आहे माझ्यासारखी."

मग त्यांनी शेवंती बाजूला सारली आणि मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत घेतल्या. "ह्या मऊ आहेत, पोरीला टोचणार नाहीत." आणि सुनीतीकडे वळून हळूच म्हणाल्या, "उद्या मी घालते तिला पाळण्यात. चालेल ना?"

सुनीतीनं मान हलवली आणि त्यांच्या ओंजळीखाली पिशवी धरली.