घरचा शब्द

"सुटी संपली की पहिल्या शनिवारी वर्गात गोष्ट सांगायला याल का?" अमरावतीहून आरती मॅडमनी फोनवर विचारलं आणि मायाच्या तोंडून "येते" निघून गेलं. फोन ठेवताच तिनं कपाळावर हात मारून घेतला.

नवरा धर्मपाल जेवत होता. "कायले भेतं? गोष्टच तं सांगाची हाये."

"मायं बोलनं घरचं. पोरं हासतीन."

"हासू दे."

"मले हासले तं हासले. पन रागिणी?"

त्यांची नऊ वर्षांची लेक रागिणी आरती मॅडमच्याच शाळेच्या वसतिगृहात राहायची. स्नेहसंमेलनाला माया तिच्याशी मैदानात बोलत होती, तेव्हा बाजूच्या मुली फिदीफिदी हसल्या होत्या. शाळेची भाषा नीटस, सगळ्यांची. मायाची धामणगावच्या दोन खोल्यांत जमून आलेली. तेव्हापासून रागिणी चारचौघांत आईशी बोलायचीच नाही. लहानपणी तिनं आईसाठी स्वतःच एक शब्द बनवला होता. आता ती शाळेतला 'आई' घेऊन आली होती आणि जुना शब्द टाकून दिला होता. मायाला ते फार लागलं होतं.

दिवाळीच्या सुटीत मायानं लेकीकडूनच शाळेचे शब्द शिकायला घेतले. कारण सांगितलं नाही. रागिणी चुका काढायची, कंटाळायची, तोंड फिरवायची. तिनं तोंड फिरवलं की बोलणं संपलं. एकदा ऐन रंगात वीज गेली, तर गोष्ट तिथंच राहिली.

त्या शनिवारी मायानं आरशात पाहिलं. हनुवटीवरचा तीळ आज जरा जास्तच मोठा दिसत होता. हातातल्या बांगड्या काढून तिनं फळीवर ठेवल्या आणि अमरावतीची बस पकडली.

वर्गात मुलं अर्धगोलात बसली होती. मॅडमनी दिव्याचं बटण दोनदा दाबलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. रागिणीनं आईला पाहिलं आणि मान खाली घातली.

"सावकाश सांगा," मॅडम म्हणाल्या.

रेशनकार्ड खाणाऱ्या बकरीची गोष्ट होती. चार वाक्यं शाळेच्या भाषेत बरी गेली. मग नेमकी 'बकरी'च आठवेना. माया अडली, पुन्हा अडली. शेवटी घरचा शब्द आला आणि त्याच्यामागून सगळी घरचीच भाषा.

मुलं हसली.

माया थांबली. झालं, लेक कायमची गेली आपल्या हातची, असं तिला वाटलं. इतक्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं बकरीचा तो शब्द पुन्हा विचारला. मायानं सांगितला. मग तो सगळ्यांनाच हवा झाला. गोष्ट संपेपर्यंत बकरीनं धर्मपालचा दुपट्टाही खाऊन टाकला.

"ह्या कोण?" त्या मुलीनं मॅडमना विचारलं. मॅडमनी रागिणीकडे पाहिलं. तिची मान केव्हाच वर झाली होती.

रागिणी उठून पुढे आली. शाळेतला शब्द तिला येत होता. तो तिनं घेतला नाही. तिनं स्वतःच्या हनुवटीवर, आईचा तीळ असतो त्या जागी, बोट टेकवलं.

मग कर्णबधिर शाळेच्या त्या वर्गातल्या बाकी सतरा मुलांनीही आपापल्या हनुवटीवर बोट टेकवून मायाला तीच हाक मारली.