मार्थाबाईंचं मागणं

पेशंटला चुकीचं इंजेक्शन सलोमीने दिलं होतं. पण चौकशीत तिने आपल्या जिवलग मैत्रिणीचं, मार्थाबाईंचं नाव घेतलं. मार्थाबाईंची नर्सची नोकरी गेली. तेव्हापासून सात वर्षं त्या रोज सकाळी गुडघे टेकून एकच मागत होत्या, "प्रभू, तिला माझ्या दारात रडत आण."

आज सलोमी खरंच दारात उभी होती. मधुमेहाने पायाची जखम चिघळली होती. "घरात कुणी हात लावत नाही गं," म्हणून ती रडू लागली.

मार्थाबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दार लावून घ्यावं आणि आतून तिचं कण्हणं ऐकत बसावं, असं वाटलं.

"प्रभू, हिचा न्याय मी तुझ्यावर सोपवला," त्या पुटपुटल्या आणि गरम पाणी घेऊन आल्या.

सलोमीने विचारलं, "मला माफ केलंस?"

"नाही. पाय पुढे कर."